खदानीवरचा पिरॅमिड

पिरॅमिड हे राजाचं थडगं, असं मला सहावीच्या इतिहासात शिकवलं होतं आणि मी ते पाठ करून मोकळा झालो होतो. माझ्या वडिलांना ते कधी पटलंच नाही. ते सातवी शिकलेले, पाणी खात्यात चावीवाले. चावीवाला म्हणजे रस्त्याखालच्या मोठ्या पाइपांचे व्हॉल्व ठरलेल्या वेळी उघडणारा आणि बंद करणारा माणूस. खांद्याला लागेल एवढी उंच लोखंडी चावी घेऊन ते पहाटे निघायचे, घाटकोपरच्या एकेका गल्लीतलं झाकण उचलून आटे मोजत पाणी सोडायचे. अशा माणसाने इजिप्तबद्दल मत बाळगावं, याचा मला, त्याच्या डिप्लोमा शिकणाऱ्या मुलाला, भयंकर राग यायचा. तो राग आठवला की आज माझीच मला लाज वाटते.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही असल्फ्याच्या टेकडीवर सगळ्यात वरच्या ओळीत राहायचो. दहा बाय बाराची खोली, वर पत्रे, दाराबाहेर पाण्याचं पिंप. नळ मात्र पार खाली, पायऱ्या सुरू होतात तिथे, कारण एवढा चढ चढायला पाण्याला जोर पुरत नसे. प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी आई तिथून आणायची. अंघोळीचं, धुण्याभांड्याचं पाणी अर्ध्या चढावरच्या खदानीतून. दगड काढून काढून तिथे मोठं तळं झालं होतं, पावसाळ्यात तुडुंब भरायचं आणि होळीपर्यंत टिकायचं. तळं भरलं की जास्तीचं पाणी कड्यावरून खालच्या नाल्यात पडत राही. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, अशा आईच्या दिवसाला आठ-नऊ खेपा व्हायच्या. बाबा सगळ्या वस्तीचं पाणी सोडायला गेलेले असत, नेमक्या त्याच वेळी आमच्या नळाला पाणी यायचं.

त्या वर्षी आईच्या ओटीपोटात दुखायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "वजन उचलायचं नाही. कळशीसुद्धा नाही." आईने घरी येऊन ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं आणि रिकामा हंडा उचलून खाली गेली. तिला नेमकं काय झालं होतं हे मला माझ्या लग्नानंतर बायकोकडून कळलं. आईचं अंग बाहेर यायचं. हाताने आत सारायचं आणि पुढची खेप आणायची, असं तिचं चाललं होतं.

आता कोणीही विचारेल, मग तू काय करत होतास रे? बरोबर आहे. मी अठरा वर्षांचा, धडधाकट, दोन हंडे सहज उचलले असते. पण आमच्या ओळीत पाणी भरणं बायकांचं काम. बाबा सुट्टीच्या दिवशी भरायचे तर लोक त्यांना हसायचे, आणि मला ते हसणं झेपत नव्हतं. मी म्हणायचो, अभ्यास आहे. खरंच असायचा म्हणा, पण इतकाही नसायचा.

अशात रविवारच्या पुरवणीत एक लेख आला, पिरॅमिड नक्की कशासाठी बांधले यावर. कोणी म्हणे ती धान्याची कोठारं, कोणी म्हणे तारे बघायची जागा, कोणी म्हणे आकाशातून येणाऱ्यांचा विमानतळ, कोणी म्हणे आतमध्ये एक शक्ती असते, तिच्यामुळे वस्तू नासत नाही. त्या शेवटच्या म्हणण्याने आमची ओळ पेटली. शेजारी एक काका होते, फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून. त्यांनी माझ्या कंपासपेटीतला कोनमापक नेऊन पुठ्ठ्याचे डझनभर पिरॅमिड कापले आणि घरोघरी वाटले. स्वतः त्याखाली दाढीचं ब्लेड ठेवायला लागले. ते म्हणे आपोआप धारदार होतं. महिनाभर काका गालावर रोज नवी चीर घेऊन ऑफिसला गेले, पण हरायला तयार नाहीत. काकूंनी दूध ठेवलं, ते फाटलं, तर म्हणाले, "तू उत्तर दिशा धरली नाहीस ना!"

बाबांनी पुठ्ठ्याचा पिरॅमिड काकांना परत दिला. त्यांचं लक्ष लेखातल्या चित्राकडे होतं. पिरॅमिड मधोमध कापला तर आत काय दिसेल, असं ते चित्र होतं. त्यात एक तिरकं भुयार खाली, पार जमिनीच्या पोटात उतरत होतं, तिथे एक खोली होती आणि खोलीच्या पलीकडे आणखी थोडं भुयार खणून मध्येच सोडून दिलेलं होतं. लेखाच्या अगदी शेवटी चार ओळी होत्या, की कुणा परदेशी माणसाच्या मते हे सगळं पाणी वर चढवायचं यंत्र होतं. लेखकाने त्या चार ओळी हसण्यावारी नेल्या होत्या.

"ह्या बघ," बाबा मला म्हणाले, "थडग्याक इतक्या खाली भुयार कित्याक होया? आणि ता फुडे बंद. बंद भुयार खणूक कोणाक खूळ लागला?"

"बाबा, त्याच्यावर मोठमोठ्या लोकांनी अभ्यास केलाय."

"त्यांनी कधी व्हॉल्व फिरवलो?"

हे मात्र खरं होतं. कुणी फिरवला नसेल. बाबांनी वीस वर्षं फिरवला होता आणि त्यांच्या हातांना एक गोष्ट माहीत होती. व्हॉल्व कधी झटक्यात बंद करायचा नसतो, एकेक आटा करत सावकाश करायचा. धावतं पाणी एकदम अडवलं की पाइप आतून धाडकन आपटतो. एकदा एका नव्या माणसाने घाईत व्हॉल्व बंद केला तेव्हा जॉइंट फुटून पाणी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत उडालेलं बाबांनी बघितलं होतं. "त्या लाईनीत पयल्या मजल्याक जायसारखो पण जोर नव्हतो," ते सांगायचे. "मग दुसऱ्याक गेला कसा? धावता पाणी अडवलंस की ता रागावता. त्या रागाक वाट करून दिली, की झाला."

मी म्हटलं, तो अपघात होता. ते म्हणाले, अपघात रोज करता आला की त्याला यंत्र म्हणतात. मला तेव्हा ते वाक्य इतकं हास्यास्पद वाटलं की मी कॉलेजात मित्रांना सांगून हशा पिकवला होता. आज मला ते वाक्य कुठल्याही प्राध्यापकाच्या वाक्यापेक्षा भारी वाटतं, पण आज वाटून काय उपयोग?

श्रावणापासून बाबांचे रविवार खदानीवर जायला लागले. भंगारवाल्याकडून त्यांनी गंजलेले पाइप आणले. खदानीच्या काठावरून एक जाड पाइप खाली नाल्यापर्यंत सोडला, दोन पुरुष उतार मिळाला असेल. नाल्याशी त्यांनी दोन झडपा बसवल्या, जुन्या चपलेचं चामडं कापून. एक झडप पाण्याच्या जोराने आपोआप बंद व्हायची आणि पाइप आपटायचा. तो धक्का बसला की दुसरी झडप उघडून थोडंसं पाणी बारक्या पाइपात वर ढकललं जाणार. तो बारका पाइप खदानीच्याही वर, थेट आमच्या दारातल्या पिंपापर्यंत. "शंभर बादल्या नाल्यात व्हावतले, तेव्हा धा वर चडतले," बाबा म्हणायचे. "चडांदे धा. तिच्या खेपा तरी वाचतले." नाल्यात तर ते पाणी असंही वाहूनच जात होतं. म्हणजे कुणाचं काही जात नव्हतं, आणि आईला डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते बरंचसं पाळता येणार होतं. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

पण पिरॅमिड त्यांच्या डोक्यातून जाईना. झडप आपटली की सगळे पाइप उडायचे, खिळखिळे व्हायचे. एक दिवस ते चकाकत्या डोळ्यांनी घरी आले. त्यांना म्हणे कळलं होतं, पिरॅमिड एवढे अवाढव्य का! "वजन रे! खालचो पंप उडू नये म्हणून वर वजन. आणि ढीग रचलास की तो खाली रुंद आणि वर निमुळतो होतलोच." मग त्यांनी खदानीतले फुटके दगड रचून झडपांच्या भोवती छातीएवढा पिरॅमिड उभा केला. हा त्यांचा स्वतःचा सिद्धांत, पुरवणीतल्या लेखातही नव्हता. अर्थात खोटाच. पिरॅमिड ही थडगीच आहेत असं जाणकार सांगतात आणि माझाही त्यावर विश्वास आहे. पण दगड रचल्यावर पाइप हलायचे थांबले, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना खदानीवर बोलावलं. असं लोकांना बोलावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. लग्नातसुद्धा ते मागच्या रांगेत बसायचे. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वीस-पंचवीस माणसं जमली, पुठ्ठा घेऊन काकाही आले. आई वर, दारात, पाइपाच्या टोकाशी पिंप धरून उभी होती. रात्री कोणी चोरू नये म्हणून वरचा बारका पाइप बाबांनी काढून घरात आणून ठेवला होता आणि सकाळी परत जोडला होता. म्हणजे तो रिकामा होता. एवढा लांब पाइप भरून पाणी टोकाशी यायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागणार. हा हिशोब मला आज येतो.

बाबांनी कॉक सोडला. दगडांच्या आत ठक झालं, परत ठक झालं, मग एका लयीत ठकठक सुरू झाली. नाल्यात पाणी भळाभळा वाहत होतं. पाच मिनिटं झाली. वरून आई ओरडली, "नाय येवक." कोणीतरी खुसफुसलं, कोणीतरी हसलं. सात-आठ मिनिटं झाली आणि लोक माझ्याकडे बघायला लागले. ओळीतला शिकलेला मुलगा मी एकटाच ना!

त्या दिवशी मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी म्हणालो, "बाबा, पाणी आपल्या पातळीच्या वर जात नाही. हे आठवीच्या पोराला माहीत असतं. इथे मोटर नाही, वीज नाही, मग त्याला वर ढकलणार कोण? फुकटात काही मिळत नसतं. एवढं सोपं असतं तर इंजिनिअर लोक काय झक मारायला शिकतात?" लोक हसले. हसले म्हणून मला आणखी चेव आला. दगडांच्या त्या ढिगाकडे हात करून मी म्हणालो, "थडगंच आहे हे. आता आत कोणाला ठेवताय?"

काका तर पोट धरून हसले. बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. मला वाटतं, ते ऐकत होते, मन लावून. मग म्हणाले, "काल..."

"काल काय? पुरे झालं आता. लोक हसतायत, बाबा."

ते वाकले आणि कॉक बंद केला. सावकाश, एकेक आटा करत. लोक पांगले. आईने वरून विचारलं, "काय झाला?" मग तिने पिंप सोडलं आणि हंडा घेऊन खाली आली.

आठवड्याभरात पाइप परत भंगारवाल्याकडे गेले. बाबा माझ्यावर चिडले नाहीत, धुसफुसले नाहीत. फक्त त्यांनी मला काही सांगायचं बंद केलं. पूर्वी पुरवणी वाचताना "ह्या बघ" म्हणून हाक मारायचे, ती हाक थांबली. मला ते बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! शांतपणे अभ्यास होत होता.

पुढच्या वर्षी, शेवटच्या वर्षाला, पाण्यावरच्या यंत्रांचा विषय होता. एका प्रकरणाच्या शेवटची दोन पानं सरांनी "हे परीक्षेला येत नाही" म्हणून सोडून दिली होती. डिसेंबरातल्या एका दुपारी लायब्ररीत बसलो असताना ती सहज उघडली गेली. पानावर एक आकृती होती. वरून येणारा जाड पाइप, दोन झडपा, वर जाणारा बारका पाइप. नाव हायड्रॉलिक रॅम. शे-दोनशे वर्षांपासून जगभर डोंगराळ भागात वापरतात, वीज लागत नाही, इंधन लागत नाही. खूप पाणी थोडं खाली पडतं आणि त्याच्या जिवावर थोडं पाणी खूप वर चढतं. कुठला नियम मोडत नाही की काही नाही. शंभर बादल्या वाहतील तेव्हा दहा चढतील.

मी पुस्तक घरी नेलं. खरंच नेलं, बाबांना दाखवायला. बाबा जेवत होते. आई भिंतीला टेकून बसली होती, नुकतीच वर आली होती, तोंडाने श्वास घेत होती. मी पिशवीतून पुस्तक काढलं, हातात धरलं आणि परत आत ठेवलं. म्हटलं, जेवण होऊ दे. मग म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग म्हटलं, आता खदानीतलं पाणी आटायलाच आलंय, पावसाळा येऊ दे. कारणांना काय तोटा! खरं कारण एकच, ओळीत मी शहाणा होतो आणि मला तसंच राहायचं होतं. नालायकपणा, दुसरा शब्द नाही. 'मी चुकलो' हे दोन शब्द मी त्या दिवशी बोललो असतो तर फाल्गुनापर्यंत तरी आईच्या खेपा वाचल्या असत्या.

मे महिन्यात आई पायऱ्यांवर कोसळली. हंडा गडगडत खाली गेला, त्या आवाजाने लोक धावले. अंगावरून इतकं जात होतं की दोन बायकांनी लुगडी गुंडाळून तिला रिक्षात घातलं. हॉस्पिटलात दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करून गर्भपिशवी काढली. डॉक्टर बाबांवर करवादले, "वर्षभर आधी वजन बंद केलं असतं तर एवढ्यावर आलं नसतं." बाबा हात जोडून उभे होते. मी त्यांच्या मागे उभा होतो. मला वाटलं, डॉक्टरांचा खांदा धरून सांगावं की अहो, त्यांना नका बोलू, मला बोला.

दुपारी आम्ही दोघं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. आई शुद्धीवर आली होती, आत नर्स काहीतरी करत होती. माझ्याने राहवेना. मी म्हणालो, "बाबा, तो पंप चालला असता. पुस्तकात आहे तो. तसाच्या तसा. मी चुकीचं बोललो होतो."

बाबा समोर बघत होते. म्हणाले, "चाललो होतो."

"काय?"

"आदल्या दिवशी. शनवारी सांजेक. मी एकटोच होतंय, घरात कोण नव्हता. वर येवन बघतंय तर रिकामा पिंप अर्धा भरला होता." हाताने त्यांनी हवेत उंची दाखवली. "म्हणान तर सगळ्यांका बोलावलंय."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? मी एवढं सगळं बडबडत होतो, तुम्ही सांगायचं ना!"

"तू पुस्तकातला सांगत होतंस," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता, तेच तर सहन होईना. "माका वाटला, माझ्याच डोळ्यांका चुकीचा दिसला असतला. पावसाची सर येवन गेली असतली दुपारी. पिंप उघडाच होता."

मी रडायला लागलो. मोठ्याने, हॉस्पिटलच्या बाकावर, आजूबाजूला लोक असताना. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून ते वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "आवशीक सांगा नको हां. इतक्या खेपा उगाच केलंय, असा वाटतला तिका."

मी सांगितलं नाही. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडे असते, मुलुंडला, चौथ्या मजल्यावर. कधी पाहुणे आले की जुन्या गोष्टी निघतात आणि त्या खदानीवरच्या पिरॅमिडाची गोष्ट आई फार रंगवून सांगते, हसत हसत, बाबांचा इस्त्रीचा शर्ट, काकांचा पुठ्ठा, सगळं. आणि शेवटी माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणते, "त्यांका खूळच लागला होता बाई. ह्यो शिकलेलो होतो म्हणान बरा, नायतर सगळो पगार त्या पायपांत गेलो असतो." पाहुणे कौतुकाने माझ्याकडे बघतात. आणि मी मान हलवतो.